सांगाडा ओळखायचा कसा? सुरुवात स्नायूंपासून करावी

पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय असे प्राण्यांचे दोन गट आपण शाळेत शिकतो, आणि त्याबरोबरच पाठीचा कणा असलेल्यांचा सांगाडा आत असतो व नसलेल्यांचा बाहेर असतो, अशी एक समजूतही मनात घर करते. बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत ती खरी ठरते, म्हणूनच ती टिकून आहे. मात्र तारामासा, कटलफिश, स्पंज किंवा साधे गांडूळ समोर आले की ती लगेच तोकडी पडते. कणा आहे की नाही यावरून प्राण्याचे कूळ कळते. सांगाडा कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवायचे असेल, तर त्याची रचना, त्याचा पदार्थ आणि त्याचे काम यांकडे पाहावे लागते. ही दोन वर्गीकरणे स्वतंत्र आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की अभ्यासात गोंधळ होतो, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून एखादा प्राणी, त्याचे कवच, त्याने टाकलेली कात किंवा एखादे हाड समोर आले, तर प्रथम त्याचे नाव शोधत बसू नये. आधी पाहावे की या प्राण्याचे स्नायू आखडतात तेव्हा ते कशाला धरून ओढतात. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. त्यामुळे ओढायला काहीतरी आधार आणि आखडलेला स्नायू पुन्हा ताणला जाण्याची काहीतरी सोय प्रत्येक हालचाल करणाऱ्या प्राण्याला लागतेच. त्यानंतर तो आधार त्वचेच्या बाहेर आहे की आत, आणि प्राणी मोठा होताना त्या आधाराचे काय होते, हे तपासावे. एवढ्या चौकशीवर बहुतेक नमुन्यांचा प्रकार निश्चित होतो.

द्रवाचा आधार

कठीण असा एकही भाग सापडला नाही, तर सांगाडाच नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. गांडुळाच्या शरीरभित्तिकेत स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरचा थर शरीराभोवती वर्तुळाकार असतो, तर आतला लांबीच्या दिशेने असतो. आणि या दोन्हींच्या आत द्रवाने भरलेली देहगुहा असते. द्रव दाबून लहान होत नाही, त्यामुळे वर्तुळाकार स्नायू आखडले की तो भाग बारीक व लांब होतो आणि लांबीचे स्नायू आखडले की तोच भाग जाड व आखूड होतो. एका थराच्या आकुंचनाने दुसरा थर ताणला जातो, म्हणजेच हाडाने करायचे काम येथे द्रव करतो. यालाच द्रवस्थैतिक सांगाडा म्हणतात.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर ओल्या कागदावर जिवंत गांडूळ ठेवून शांतपणे निरीक्षण करावे. डोक्याकडचा भाग लांबतो, मग त्याच भागात जाडी येते आणि ती जाडी लाटेसारखी मागे सरकत जाते. ज्या जागी शरीर जाड होते तेथील सूक्ष्म राठ केस कागदात रुततात व तो भाग जागचा हलत नाही. कागद कोरडा असेल तर या केसांची किंचित खरखर कानाजवळ नेल्यास ऐकूही येते. मात्र कोरड्या कागदावर गांडुळाला फार वेळ ठेवू नये, कारण ते त्वचेवाटे श्वसन करते आणि त्यासाठी त्वचा ओली असावी लागते. वलयांमधील पडद्यांमुळे द्रव शरीरभर मुक्तपणे वाहत नाही, त्यामुळे एका भागातील दाब बहुतांशी त्याच भागात राहतो आणि पुढचा भाग लांबत असताना मागचा आखूड राहू शकतो.

समुद्रफुलाला हाच आधार त्याच्या पोटाच्या पोकळीतील पाणी देते. तोंड मिटून पाणी आत कोंडले की त्याचे शरीर ताठ राहते. गोलकृमींची तऱ्हा थोडी वेगळी आहे. त्यांच्याकडे वर्तुळाकार स्नायू नसतात. आतील द्रवाचा दाब आणि बाहेरचे चिवट आवरण मिळून लांबीच्या स्नायूंना पूर्ववत ताणतात, आणि म्हणूनच गोलकृमी गांडुळासारखे लांब-आखूड न होता वळवळत पुढे जातात. ऑक्टोपसचे बाहू आणि हत्तीची सोंड यांत वेगळी द्रवपोकळीही नसते. तेथे स्नायूंचेच तंतू तीन दिशांनी रचलेले असतात आणि एका दिशेचे तंतू दुसऱ्या दिशेच्या तंतूंना आधार देतात. हाडांचा भक्कम सांगाडा असलेल्या हत्तीने सर्वांत नाजूक कामासाठी बिनहाडाची सोंड वापरावी, यावरून आधाराचे प्रकार एकाच शरीरात शेजारी-शेजारी नांदू शकतात हे दिसते.

बाहेरचा सांगाडा आणि कात

कठीण आवरण बाहेर असेल आणि स्नायू त्याला आतून चिकटलेले असतील, तर तो बाह्यकंकाल होय. कीटक, कोळी, विंचू, गोमा, खेकडे, कोळंबी या सर्व संधिपाद प्राण्यांत तो कायटिन (एक चिवट, तंतुमय पदार्थ) व प्रथिने यांचा बनलेला असतो. खेकड्यासारख्या कवचधारी प्राण्यांत त्यात कॅल्शियम कार्बोनेटची भर पडते, तर बहुतेक कीटकांत प्रथिनांचे रेणू एकमेकांशी जखडले जाऊन आवरण कडक व गडद होते. सांध्यांवर मात्र हेच आवरण पातळ व लवचीक राहते. मेलेल्या खेकड्याचा पाय हळूच वाकवून पाहिल्यास प्रत्येक सांधा एकाच प्रतलात फिरतो, पण लागोपाठच्या सांध्यांची प्रतले वेगवेगळी असल्याने संपूर्ण पाय कोणत्याही दिशेला नेता येतो, हे चटकन लक्षात येते.

बाह्यकंकाल खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा असेल, तर जिवंत किड्यापेक्षा त्याने टाकलेली कात अधिक उपयोगी पडते, आणि नवशिक्याने अभ्यासाची सुरुवात तेथूनच करावी असे मी आग्रहाने सांगेन. झाडाच्या खोडाला चिकटलेली सिकाडाची किंवा पाण्याकाठच्या गवतावरची चतुराची कात जपून काढावी आणि भिंगाखाली धरावी. पाठीवर, वक्षाच्या मध्यरेषेत, एक सरळ चीर दिसेल; किडा तेथूनच बाहेर पडलेला असतो. डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोप्या असतात, कारण डोळ्यांवरील आवरणसुद्धा याच सांगाड्याचा भाग आहे. चिरेतून आत पाहिले, तर दोन्ही बाजूंनी आलेले बारीक पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते श्वासनलिकांचे अस्तर असते. या नलिका त्वचा आत वळून तयार होतात, त्यामुळे कात टाकताना त्यांचे अस्तरही उपसले जाते; अन्नमार्गाच्या सुरुवातीच्या व शेवटच्या भागांचे अस्तरही याच वेळी बदलते. बाह्यकंकाल म्हणजे वरून घातलेला अंगरखा नसून तो शरीरात खोलवर शिरलेला असतो, हे त्या पांढऱ्या धाग्यांइतके स्पष्टपणे कोणतीही आकृती दाखवू शकत नाही.

कात का टाकावी लागते, याचे कारण सरळ आहे. एकदा कडक झालेले आवरण ताणून मोठे होत नाही. म्हणून जुन्या आवरणाखाली नवे, मऊ व घडीचे आवरण तयार होते. जुन्यातील बराचसा उपयुक्त भाग विरघळवून शोषून घेतला जातो. मग प्राणी बाहेर पडतो, पाणी किंवा हवा घेऊन अंग फुगवतो आणि त्या फुगलेल्या मापावर नवे आवरण कडक होते. या दरम्यान तो दुबळा असतो व बहुधा लपून राहतो. घरात कधीतरी दिसणारे पांढरेफटक झुरळ हे नुकतीच कात टाकलेले साधे झुरळच असते, वेगळी जात नव्हे. बहुतेक कीटक प्रौढ झाल्यावर कात टाकत नाहीत आणि म्हणून वाढतही नाहीत. लहान भुंगेरा हा मोठ्या भुंगेऱ्याचे पिल्लू असू शकत नाही.

किनाऱ्यावर सापडलेला खेकडा मेलेला आहे की ती नुसती कात आहे, हे ठरवताना अनेकांची फसगत होते. कात असेल, तर पाठीचे कवच मागच्या बाजूने झाकणासारखे उचकटते, आतील कल्ल्यांच्या जागी केवळ पातळ अस्तर असते आणि मांस किंवा कुजका वास आढळत नाही.

कोळ्याच्या पायात आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. त्याच्या पायांतील दोन मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीत; ते काम शरीरातील द्रवाच्या दाबाने होते. मेल्यावर दाब संपतो आणि पाय आत मुडपतात. म्हणजे कोळ्याकडे बाह्यकंकाल आहेच, शिवाय द्रवाचा आधारही आहे.

शंख-शिंपल्यांचे वेगळेपण

शंख आणि शिंपलेही बाहेरच असतात, पण त्यांची गणना खेकड्याच्या कवचाबरोबर डोळे झाकून करू नये. मृदुकाय प्राण्याचे कवच प्रावार नावाच्या मांसल पडद्यातून स्रवते, ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि ते कधीही टाकले जात नाही. प्राणी वाढतो तशी कवचाच्या काठावर भर पडत जाते. त्यामुळे गोगलगाईच्या शंखाचे टोक हा तिच्या बालपणीचा भाग असतो, तर तोंडाजवळची कड सर्वांत ताजी. कवचावर सांधे नसणे आणि काठाला समांतर वाढीच्या रेषा असणे, या दोन खुणा पुरेशा आहेत.

शिंपल्याची आतील बाजू उजेडात तिरपी धरावी. गुळगुळीत पृष्ठभागावर एक किंवा दोन फिकट, किंचित खोलगट ठसे दिसतात. तेथे कवच मिटणारे स्नायू जोडलेले होते. कवच उघडण्यासाठी मात्र स्नायू नसतो. बिजागरीजवळचा लवचीक बंध ते उघडायला सतत जोर लावत असतो आणि स्नायू सैल पडला की कवच आपोआप उघडते. मेलेला शिंपला उघडा पडण्याचे कारण हेच.

कवच पाहून फसवणारे प्राणीही आहेत. खडकांना घट्ट चिकटलेले, चुनखडीच्या पट्ट्यांनी वेढलेले बार्नॅकल दिसायला शिंपल्यांच्या जवळचे वाटतात आणि दीर्घकाळ त्यांची गणना मृदुकाय प्राण्यांतच होत असे. १८३० साली निसर्ग-अभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांच्या डिंभांचा (अंड्यातून निघालेल्या पिल्लावस्थेचा) अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा ते कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद असल्याचे स्पष्ट झाले. सांगाड्याचे बाह्यरूप पाहून कूळ ठरवू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कणा नसूनही आत असलेला सांगाडा

तारामासा, समुद्री अर्चिन, समुद्रकाकडी हे कंटकचर्मी प्राणी येथे सर्वांत महत्त्वाचे ठरतात. त्यांच्या कॅल्साइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका प्रकारच्या) पट्टिका बाहेरून काटेरी कवचासारख्या भासतात, पण त्यांच्यावर जिवंत त्वचेचा पातळ थर असतो आणि त्या शरीराच्या मधल्या थरात तयार होतात. म्हणून तो अंतःकंकालच आहे. वाळलेल्या अर्चिनचा गोल सांगाडा हातात आला, तर त्यावरील लहान गोल उंचवटे पाहावेत. प्रत्येक उंचवट्यावर एक काटा उखळीच्या सांध्याने बसलेला होता. उंचवट्यांच्या मधून बारीक छिद्रांच्या रांगा खालून वर जातात, आणि त्या छिद्रांतून नलिकापाद, म्हणजे नळीसारखे मऊ पाय, बाहेर येत असत. पट्टिकांच्या दहा दुहेरी रांगा सहसा मोजता येतात. समुद्रकाकडीत हाच सांगाडा त्वचेत विखुरलेल्या सूक्ष्म कणांपुरता उरतो, त्यामुळे तो सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही.

कटलफिश हा मृदुकाय प्राणी असूनही त्याचे कवच शरीराच्या आत असते. किनाऱ्यावर वाहून येणारा पांढरा, हलका समुद्रफेस तो हाच. त्याच्या कडेला अनेक पातळ कप्प्यांचे थर दिसतात. या कप्प्यांतील द्रव आणि वायू यांचे प्रमाण बदलून कटलफिश पाण्यात वर-खाली होतो. स्क्विडमध्ये एक पातळ, पारदर्शक, कायटिनची पट्टी उरते, आणि बहुतेक ऑक्टोपसांत चोचीखेरीज कठीण म्हणावे असे फारसे काही नसते. स्पंजांमध्ये स्नायू नसतात, त्यामुळे आपली पहिली कसोटी तेथे लागू पडत नाही. सिलिकाच्या किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म सुया आणि स्पाँजिन या प्रथिनाचे तंतू त्यांचे शरीर केवळ उभे धरून ठेवतात. प्रवाळांचा चुनखडीचा सांगाडा मात्र जिवंत ऊतीच्या बाहेर, पॉलिपच्या (प्रवाळाच्या एकेका लहान जिवाच्या) बुडाशी स्रवतो.

कणा असलेल्यांचा सांगाडा

पृष्ठवंशीय प्राण्यांत अंतःकंकाल सार्वत्रिक आहे, पण तो नेहमी हाडांचाच असतो असे नाही. शार्क, पाकट आणि त्यांचे आप्त यांचा सांगाडा कास्थीचा (कूर्चेचा) असतो, आणि त्यावर चुन्याच्या कणांचा थर बसून त्याला मजबुती येते. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशात पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतील लवचीक दांडी, आयुष्यभर टिकते. कास्थी लवकर कुजते, म्हणूनच प्राचीन शार्कांचे दात विपुल सापडतात आणि पूर्ण सांगाडे क्वचित.

हाड हा दोन पदार्थांचा संयोग आहे. कोलॅजेन हे प्रथिन त्याला चिवटपणा देते, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट हे कॅल्शियम व फॉस्फेटचे खनिज त्याला कडकपणा देते. याची खात्री सहज करता येते. स्वच्छ केलेले पक्ष्याचे बारीक हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावे व द्रव अधूनमधून बदलावा; खनिज विरघळून गेल्यावर हाडाचा आकार तसाच राहतो, पण ते बोटांनी वाकवता येते. हीच कसोटी इतर नमुन्यांवरही उपयोगी पडते. शंखाच्या तुकड्यावर व्हिनेगर टाकल्यास लगेच बुडबुडे येतात आणि तुकडा हळूहळू झिजतो. खेकड्याच्या कवचाचा तुकडा बुडबुडे सोडतो, पण मागे मऊ कायटिनचा पापुद्रा उरतो. झुरळाच्या पंखावर मात्र विशेष परिणाम दिसत नाही. दुर्मीळ किंवा संग्रहातील नमुन्यावर हा प्रयोग कधीही करू नये, कारण झालेले नुकसान भरून येत नाही.

वाढीचा प्रश्न हाडाने कातीशिवाय सोडवला आहे. हाड ही जिवंत ऊती आहे. तिच्यातील काही पेशी नवे हाड घडवतात, काही जुने हाड विरघळवतात, आणि लांब हाडांच्या टोकांजवळील कास्थीच्या पट्ट्यांत लांबी वाढत जाते. सापडलेल्या लांब हाडाचे टोक गळून पडलेले असेल आणि तेथील पृष्ठभाग खडबडीत व नागमोडी दिसत असेल, तर तो प्राणी पूर्ण वाढलेला नव्हता, असे बहुधा म्हणता येते. माणसाच्या नवजात बाळात हाडांची संख्या प्रौढापेक्षा बरीच जास्त असते; ती एकमेकांत जुळत जाऊन प्रौढात साधारणपणे २०६ होतात, त्यांपैकी ८० शरीराच्या मध्य-अक्षावर आणि १२६ हातापायांत व त्यांच्या मेखलांत (खांदा व कंबर येथील हाडांत) असतात.

आकाराचा मुद्दाही येथेच येतो. प्राण्याची लांबी दुप्पट झाली, तर हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. म्हणून मोठ्या प्राण्याची हाडे प्रमाणापेक्षा अधिक जाड असावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडले. बाह्यकंकाल असलेल्यांना या अडचणीबरोबर कात टाकतानाच्या दुबळ्या अवस्थेचीही भर सोसावी लागते. पाय पसरले असता साडेतीन मीटरांहून अधिक भरणारा जपानी कोळी-खेकडा समुद्रात राहतो, जेथे पाणी वजनाचा बराच भार पेलते.

आता एखादे हाड कोणत्या वर्गातील प्राण्याचे, हे पाहू. कवटी मिळाल्यास तिच्या मागील बाजूस, पाठीचा मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो त्या छिद्राशी, मानेच्या मणक्यावर टेकणारे उंचवटे मोजावेत. सस्तन प्राण्यांत ते दोन असतात, पक्ष्यांत व सरीसृपांत एक. बेडकांतही दोनच असतात, पण बेडकाची चपटी, रुंद, मोठमोठ्या खिडक्यांची कवटी सस्तन प्राण्याची म्हणून खपणे शक्य नाही. त्यानंतर खालचा जबडा पाहावा: सस्तन प्राण्यात प्रत्येक बाजूला एकच हाड असते, सरीसृपांत अनेक हाडे जोडून जबडा बनतो. सापाच्या जबड्याचे दोन अर्ध पुढे हाडाने सांधलेले नसतात, म्हणून ते एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. दातांचे कृंतक (पुढचे कुरतडणारे दात), सुळे, दाढा असे वेगळे आकार दिसले तर सस्तन प्राण्याचाच विचार प्रथम करावा. पुढे छिन्नीसारखे दोन मोठे दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा असतील, तर तो उंदीर-खारीसारखा कृंतक प्राणी. सशात वरच्या मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात असतात, आणि तेवढ्यावरून ससा वेगळा काढता येतो.

कवटी नसेल, तर पक्षी ओळखणे सर्वांत सोपे. उडणाऱ्या पक्ष्याच्या उरोस्थीवर (छातीच्या हाडावर) नावेच्या कण्यासारखा उभा पडदा असतो, त्यावर उड्डाणाचे स्नायू बसतात; शहामृगात तो नसतो. अनेक हाडे पोकळ असून त्यांच्या आत आडवे टेकू असतात. बेडकाच्या पुढच्या पायातील दोन हाडे एकत्र जुळलेली असतात, कण्याच्या शेवटी मणक्यांऐवजी एक लांब दांडी असते आणि बहुतेक बेडकांत बरगड्या जवळपास नसतातच. सस्तन प्राण्यांच्या मानेत जिराफापासून उंदरापर्यंत सात मणके असतात. स्लॉथ आणि मॅनाटी हे ठाऊक असलेले अपवाद. कासवाचे कवच उलटे करून आतून पाहिल्यास कणा आणि बरगड्या कवचातच मिसळलेल्या दिसतात, त्यामुळे कासव कवच सोडून बाहेर येते ही कल्पना निराधार ठरते. कवचावरचे चकचकीत खवले केराटिनचे, म्हणजे नखांतील प्रथिनाचे, असतात. खवल्या मांजराचे खवले आणि सापाची कात हीसुद्धा केराटिनचीच. त्यांना सांगाडा म्हणू नये. मगरीच्या पाठीवरील पट्टे व आर्माडिलोचे चिलखत यांत मात्र त्वचेत तयार झालेले खरे हाड असते. हरणाचे दरवर्षी गळणारे शिंग पूर्ण हाडाचे असते, तर गाय-म्हशीच्या शिंगात हाडाचा गाभा व वर केराटिनचे आवरण असते.

वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक पिएर बेलाँ यांनी १५५५ मध्येच माणसाचा व पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर छापून सारख्या हाडांना सारखी खूण दिली होती. वटवाघळाचा पंख, व्हेलचा पर आणि माणसाचा हात यांत एकच दंडाचे हाड, त्यापुढे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे आणि मग बोटे हा क्रम शोधून काढला, की हाडांची नावे पाठ करण्याचे ओझे बरेच कमी होते.

नमुने हाताळताना हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि ताज्या मृत प्राण्याला हात लावणे टाळावे. हाडे उकळू नयेत. उकळल्याने चरबी आत मुरते. डिटर्जंट घातलेल्या कोमट पाण्यात ती मुरवत ठेवावीत आणि ब्लीचऐवजी सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे, कारण ब्लीचने हाड भुसभुशीत होते. प्रवाळ, कासवाची कवचे आणि अनेक वन्य प्राण्यांची हाडे बाळगण्यावर बहुतेक देशांत कायद्याने निर्बंध आहेत, म्हणून ती उचलू नयेत; छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि वहीत ठिकाण, तारीख, माप, पदार्थ, स्नायूंच्या खुणा व वाढीच्या खुणा याच क्रमाने नोंद करावी. प्राण्याचे नाव या नोंदीत सर्वांत शेवटी लिहावे.